फाटला पायजे, तुटला नाय पायजे

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला मुक्कामी गेलो, तेव्हा जावई म्हणून मी पहिलं काम केलं ते असं: मेव्हण्याच्या खोलीत धावत शिरलो आणि भिंतीतला प्लग उपटला.

त्यात माझा तसा दोष नव्हता. लोधिवलीच्या त्या घरी मी ओटीवर बसून, नव्या जावयाला शोभेल इतका हळू चहा पीत होतो. तेवढ्यात आतून आवाज आला. ओल्या गोणपाटाला दोन रेडे दोन बाजूंनी ओढताहेत आणि मागून कुणीतरी त्यांच्या शेपट्या पिरगाळतंय, असा. मी कर्जतला पाटबंधारे खात्यात कारकून. आग लागल्यास काय करावे याचा तक्ता कचेरीत माझ्याच खुर्चीमागे टांगलेला होता, त्यामुळे 'प्रथम वीजप्रवाह बंद करावा' हे वाक्य पाठीतून माझ्या अंगात मुरलेलं. मी कप खाली ठेवला, आत धावलो आणि उपटला.

शांतता झाली. समोर खाटेवर एक भरघोस मिशांचा माणूस मांडीवर विजेची गिटार घेऊन बसला होता. गिटारीतून निघालेली वायर घरच्या रेडिओच्या पाठीत शिरली होती. जेवता जेवता पुढचं ताट कुणी ओढून न्यावं, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "आत्ता कुठं फाटाया लागला व्हता."

हा काशीदादा, माझ्या बायकोचा, सुमनचा, थोरला भाऊ. खोपोलीला कागदाच्या कारखान्यात वायरमन. चौक-खोपोली एसटीनं रोज जाऊन येऊन करायचा. माणूस निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वाडीतल्या कुणाचाही फ्यूज उडाला तर जेवणावरून उठून जाणारा. फक्त त्याला रॉक म्हणतात ते संगीत वाजवायचं होतं, आणि त्यासाठी योग्य असा अॅम्प्लिफायर तो शोधत होता. टीव्ही अजून चौक गावापर्यंत पोचला नव्हता त्या काळातली ही गोष्ट. हे वेड त्याला कुठून लागलं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासऱ्यांचं मत, कारखान्यातल्या केमिकलनं.

बाकीचं जग अॅम्प्लिफायर घेतं ते आवाज मोठा आणि स्वच्छ यावा म्हणून. काशीदादाला स्वच्छ आवाजाचा तिटकारा होता. त्याचं एकच तत्त्व होतं आणि ते तो भेटेल त्याला ऐकवी: "फाटला पायजे, तुटला नाय पायजे." म्हणजे आवाजाच्या चिंध्या झाल्या पाहिजेत, पण सूर एकसंध राहिला पाहिजे. या मापानं तो सगळं जग मोजायचा. एसटीत मुद्दाम पुढे इंजिनाजवळ बसायचा आणि चढ लागला की माझ्या गुडघ्यावर चापट मारून म्हणायचा, "बगा, आता कसा फाटतोय." वाडीतला एक म्हातारा खोकायला लागला की हा मान डोलवायचा. एखाद्याचं गाणं ऐकून सगळे वाहवा करत असले तरी हा म्हणायचा, "गोड हाय. पन फाटत नाय."

रेडिओवर त्याची पहिली उमेदवारी झाली. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याच्या पाठीत ग्रामोफोन लावायची भोकं असतात, तिथे यानं गिटार जोडलेली. रेडिओ लहान, गिटार जबर, त्यामुळे तो बिचारा थोड्या वेळात रडकुंडीला येई आणि तेच काशीदादाला हवं असे. पण त्याच रेडिओवर सासरे शेतीचे भाव ऐकत. एके दिवशी त्यांनी कान पिळला तर आतून बातम्या देणारा माणूस घसा बसल्यासारखा बोलायला लागला. सासरे म्हणाले, "काश्या, तुजी पेटी तू आन. माजा मानूस आजारी पाडलास."

इथे मला शेवंतावहिनीबद्दल सांगितलं पाहिजे. कारण या सगळ्या खटाटोपात नेमकं पणाला काय लागलं होतं, ते तिच्याशिवाय कळायचं नाही.

शेवंतावहिनी ही काशीदादाची बायको. लोधिवलीच्या गायन पार्टीत ती पुढे उभी राहून गायची. माझं लग्न ठरण्याच्याही आधी कर्जतला एप्रिलातल्या जयंतीच्या कार्यक्रमात मी तिला ऐकलं होतं. माइक बिघडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसानं हातातली भेळ खाली ठेवावी, असा आवाज. पुढे तिच्या गळ्यात गाठ झाली. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज परत आला तो करवतीसारखा. त्या वर्षी ती जयंतीला हट्टानं उभी राहिली, पहिली ओळ म्हटली आणि पुढे बसलेली चार पोरं फिसकन हसली. वहिनीनं माइक खाली ठेवला. तेव्हापासून गाणं तर संपलंच, बोलणंही जवळजवळ संपलं. कोंबड्यांना ती टाळी वाजवून बोलवी, आणि माणसांशी भांड्यांमार्फत बोले. तपेलं हळू ठेवलं तर 'हो', आदळलं तर 'नाही', आणि झाकण गरगरत गेलं तर सगळ्यांनी अंगणात जायचं.

अशा बाईच्या घरात हा माणूस गोणपाट फाडत बसलेला. मला वहिनीची दया यायची. सुमन तर भावावर जाम चिडलेली असे.

रेडिओनंतर आला बबनचा अॅम्प्लिफायर. बबन म्हणजे चौकचा मांडव-लाउडस्पीकरवाला. लग्नसराई संपल्यावर त्यानं आपला एक जुना अॅम्प्लिफायर आणि भोंगा काशीदादाला वापरायला दिला. काशीदादानं भोंगा पडवीच्या वाशाला बांधला आणि तारेला हात लावला. तो आवाज फाटलाही नाही आणि तुटलाही नाही. तो सरळ सुईसारखा निघाला आणि शेतांवरून हायवेपर्यंत गेला. थोड्या वेळानं दोन बायका नवी लुगडी नेसून आल्या आणि विचारायला लागल्या, "लगीन कुनाचं हाय गं?" त्यांना चहा देऊन परत पाठवावं लागलं. काशीदादानं भोंगा उतरवला. "ह्यो निरोप्या हाय," म्हणाला. "ह्याला मन नाय."

मग तो मला घेऊन मुंबईला गेला, वाद्यांच्या दुकानात. मला नेलं कारण मला हिंदी येतं असा त्या घरात समज होता. दुकानदारानं काचेमागून एक नवाकोरा ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर काढला, पुसला, गिटार जोडून दिली आणि अभिमानानं म्हणाला, "साब, सुनिए. फुल आवाज में भी एकदम साफ. एक टक्का खरखर नहीं."

काशीदादानं ऐकलं. मला म्हणाला, "त्यांना इचारा, मंग घ्यायचा कशाला?"

मी माझ्या हिंदीत विचारलं. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, काशीदादाकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "आप इनके साथ हैं?" मी हो म्हणालो. त्या क्षणी मी सासुरवाडीला खऱ्या अर्थानं जोडला गेलो असं मला वाटतं.

निघताना काशीदादा पुन्हा वळला. त्यानं त्या अॅम्प्लिफायरच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "आन् ह्याला भोक बी येकच हाय. मला दोन पायजेत."

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "दादा, गिटार तर एकच आहे. दोन भोकं कशाला?"

"येक गिटारीचं," तो म्हणाला. "दुसरं तुमच्या वहिनीच्या माइकचं."

"पण वहिनी गाणार आहे का?"

"नाय म्हनते."

घरी पोचल्यावर मीच आगाऊपणा करून ही गोष्ट वहिनीच्या कानावर घातली. झाकण गरगरत गेलं. आम्ही अंगणात गेलो. सुमन म्हणाली, "दादाला बायको नको आहे, बँडपार्टी हवी आहे. ती बाई तोंडावर पदर घेऊन फिरते, आणि याला तिला परत स्टेजवर ढकलायचंय." मलाही ते पटलं. तेव्हापासून आम्हा सगळ्यांना एकच काळजी. हा आपल्या नादात तिला पुन्हा चारचौघांत हसं करणार, आणि या खेपेला ती भांड्यांतूनसुद्धा बोलायची बंद होणार.

शेवटी हवा तो अॅम्प्लिफायर सापडला कडाव गावात. तिथला तंबूतला सिनेमा बंद झाला होता आणि त्याची साउंडची पेटी एका भाताच्या कोठारात उंदरांना मुक्कामाला दिलेली. शिसवी रंगाचं लाकडी धूड, आत व्हॉल्व्ह, समोर परातीएवढा स्पीकर आणि कपाळावर दोन भोकं. काशीदादा ती टेंपोत टाकून घेऊन आला. सुरू केल्यावर ती लगेच बोलत नसे. आधी व्हॉल्व्ह तापायचे, नारिंगी व्हायचे, जळक्या धुळीचा वास सुटायचा. तोवर काशीदादा उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसा बघत बसायचा. आवाज मात्र भारदस्त होता. तरी त्याचं समाधान नव्हतं. "लई घरंदाज हाय," तो म्हणाला. मग एके रविवारी त्यानं दाढीचं अर्धं ब्लेड घेतलं आणि स्पीकरच्या कागदी पडद्याला चिरा दिल्या. एक चीर द्यायची, वाजवून बघायचं, पुन्हा एक. शेजारचे लोक दारात उभे राहून बघत होते. चांगल्या वस्तूला मुद्दाम भोकं पाडणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला असावा. शेवटच्या चिरेनंतर त्यानं तार छेडली आणि तो जो फाटका, खर्जातला, घोगरा नाद निघाला, तो ऐकून काशीदादानं डोळे मिटले.

"ह्यो," तो म्हणाला. "फाटला, पन तुटला नाय."

आत स्वयंपाकघरात काहीच आदळलं नाही. तेव्हा त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढच्या जयंतीला त्यानं मंडळाकडे एका गाण्याची परवानगी मागितली. मंडळानं ती दिली, ती बहुधा त्यानं वाडीतले सगळे फ्यूज बसवले होते म्हणून. अध्यक्षांनी अट घातली: एकच गाणं, गायन पार्टी उभी राहायच्या आधी, आणि लोक हसायला लागले तर तिथेच थांबायचं. काशीदादानं मांडवात दोन जागा आखून घेतल्या, एक गिटारीची, एक माइकची. वहिनी नाही म्हणत होती. त्यानं आग्रह धरला नाही, वादही घातला नाही. फक्त रोज संध्याकाळी तिच्या एका जुन्या गीताची चाल त्या फाटक्या आवाजात वाजवत राहिला.

जयंतीच्या दिवशी काशीदादाला सकाळची पाळी होती. पेटी मांडवात पोचवायचं काम बबनकडे होतं आणि बबनवर लक्ष ठेवायचं माझ्याकडे. दुपारी मी मांडवात गेलो तेव्हा बबन पेटीशेजारी उभा होता, कपाळाचा घाम पुसत, पण तोंडावर तेज.

"पाव्हणं, दादाला सांगू नका. गंमत हाय," तो म्हणाला. "पेटी हलवताना बगितलं, तर आतला कागद पार चिंध्या झालेला. उंदरांनी खाल्ला वाटतं. जयंतीच्या दिवशी असला सामान कसा लावायचा? म्हून चौकला नेला, नवा पडदा चिकटवून आनला. आता बगा कसा घंटेवानी वाजतो."

बबननं पेटी लावून दाखवली. घंटेसारखाच वाजत होता. बबननं जन्मभर फाटलेले भोंगे शिवण्यातच पुण्य मानलं होतं. मी म्हणालो, "छान झालं." आणि काशीदादा येईपर्यंत मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिलो.

काशीदादा आला तो नवा पांढरा शर्ट घालून. उन्हं उतरली होती, लोक जमले होते. सुमन आणि वहिनी बायकांत पुढे बसल्या होत्या, वहिनी पदरात हनुवटी लपवून. व्हॉल्व्ह तापले. काशीदादानं तार छेडली.

गोड, गोल, स्वच्छ सूर मांडवभर पसरला. लोकांनी माना डोलावल्या. काशीदादाचा चेहरा उतरला. त्यानं बटणं पिळली, वायर काढून पुन्हा घातली आणि मग वाकून स्पीकरकडे बघितलं. त्यावर नवाकोरा, काळाभोर, एकही सुरकुती नसलेला पडदा. त्यानं बबनकडे बघितलं. बबन हसून मान हलवत होता, 'राहू द्या, आभार कशाला' अशा थाटात.

"पाव्हणं," काशीदादा मला हळूच म्हणाला, "बिलेड हाय का?"

ब्लेड नव्हतं. कुणाकडे तरी चाकू निघाला. पण काशीदादा चाकू हातात घेऊन त्या पडद्यासमोर नुसता बसला. मागे प्रत्येक चीर त्यानं ऐकून ऐकून दिली होती. इथे शंभर लोक बघत होते आणि अध्यक्ष घड्याळाकडे. त्याचा हात धजेना. पोरांत चुळबुळ सुरू झाली आणि एक जण हसला.

तेव्हा वहिनी उठली.

ती सरळ स्टेजवर आली. कुणाकडे न बघता पेटीसमोर उकिडवी बसली. अंबाड्यातला आकडा उपसला आणि पडद्यात खुपसून सर्रकन खाली ओढला.

"हितं येक व्हती," ती म्हणाली. करवतीच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. "ही लांब. तिच्या बाजूला दोन बारक्या. आन् ह्या अंगाला तिरकी." आणि प्रत्येक शब्दाबरोबर आकडा चालत होता. "केर काढताना रोज बगतेय मी. सरका जरा."

बबननं डोळ्यांवर हात घेतला.

ती उठली, आकडा परत अंबाड्यात खोवला आणि काशीदादाला म्हणाली, "वाजवा आता. बसलाव काय?"

त्यानं वाजवलं. तोच तो, गोणपाट फाडणारा. आणि वहिनीनं दुसऱ्या भोकातला माइक उचलला आणि तिचं जुनं गीत म्हणायला लागली. त्या पेटीतून जाणारं सगळंच फाटत होतं. गिटार कुठली आणि गळा कुठला ते कळेना. दोन्ही आवाज एकमेकांच्या अंगावर रेलून चालले होते आणि त्यात काही कमी आहे असं वाटतच नव्हतं. हे असंच असायचं होतं, असं वाटत होतं. मी पोरांकडे बघितलं. ती तोंडं उघडी टाकून बसली होती. दुसऱ्या कडव्याला बायकांनी टाळी धरली. सुमननं माझं मनगट कधी पकडलं होतं कोण जाणे, तिनं ते सोडलं तेव्हा त्यावर तिच्या बांगड्या उमटल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघायचं सोडलं आणि एका गाण्याची तीन झाली.

कार्यक्रम संपल्यावर काशीदादा स्टेजच्या कडेला बसून कोपरावर वायर गुंडाळत होता. वहिनी खाली बायकांच्या घोळक्यात होती आणि बोलत होती. बऱ्याच दिवसांचं साचलेलं असावं. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणालो, "दादा, आता रॉक म्हटलं की अख्ख्या तालुक्यात तुमचंच नाव."

"मला नाय आवडत त्ये," तो म्हणाला.

"काय?"

"रॉक. डोकं उठतं." त्यानं वायरीला गाठ मारली. "मला बासरी आवडते, पाव्हणं. लांबून कोन वाजवीत असंल तर."

मी त्याच्या शेजारी बसलो. तेव्हा त्यानं सांगितलं. वहिनीला मुंबईच्या इस्पितळातून घरी आणताना एसटी चौकला चहाला थांबली होती. पनवेलपासून ती एक अक्षर बोलली नव्हती, पदर तोंडावर धरून खिडकीशी बसलेली. तिथल्या गॅरेजात मुंबईच्या पोरांची एक गाडी बंद पडली होती. गाडी दुरुस्त होईतो ती केस वाढवलेली पोरं आपला बाजा ढाब्यापुढे मांडून वाजवत होती.

"त्यातलं येक पोर गात व्हतं. त्याचा गळा हिच्यापरीस फाटका. वर त्या पेटीनं आनखी फाडलेला. आन् डायवर लोक खाटेवर हुबं ऱ्हाऊन टाळ्या देत व्हते." त्यानं वायर बाजूला ठेवली. "मी बगितलं, तर हिनं पदर खाली घेतलेला. खिडकीतून बगत व्हती. मंग म्होरं जयंतीला पोरं हसली. मी म्हनलं, हिचा गळा काय आता साफ व्हनार नाय. पन जिथं फाटक्याला हसत नायत, अशी येक जागा हाय. आपन ती हिकडं आनावी."

मी दुसरी वायर उचलली आणि कोपरावर गुंडाळायला लागलो.

रात्री उशीर नको म्हणून आम्ही लगेच निघालो. कर्जतकडे जाणाऱ्या एका टेंपोत मागे भाताच्या पोत्यांवर जागा मिळाली. वाटेत मी सुमनला सगळं सांगितलं. एसटी, गॅरेज, बासरी. तिनं पदरानं डोळे पुसले आणि वाऱ्यानं धूळ येते म्हणाली. मलाही भरून आलं होतं. अशा वेळी माणसानं गप्प बसावं, पण मला ते जमत नाही. मी म्हणालो, "सुमन, उद्या माझा आवाज असा गेला, तर तू काय करशील गं?"

ती म्हणाली, "आधी जाऊ तर दे."